रेफरल की वशिला? अठराव्या शतकातल्या पाद्र्याची नोकरी

ज्यांचा एपिसोड लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझी पहिली नोकरी मला रेफरलवर मिळाली. त्याआधी पोर्टलवर टाकलेल्या अर्जांना साधं "नाही" सुद्धा आलं नव्हतं. मग कॉलेजच्या एका सिनियरने माझा रेझ्युमे आत पुढे केला आणि चार दिवसांत फोन आला. इंटरव्ह्यू मीच दिला, कोड मीच लिहिला. तरी घरी एका काकांनी हसत हसत म्हटलंच, "म्हणजे वशिला लागला तर!"

तो शब्द टोचला. कारण मला नीट उत्तर देता आलं नाही. रेफरल आणि वशिला यांत फरक नेमका काय? याचं उत्तर शोधत शोधत मी पोचलो अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या चर्चमध्ये. तिथे शिफारस ही मागच्या दाराची भानगड नव्हतीच. तोच पुढचा दरवाजा होता. दुसरा दरवाजा बांधलेलाच नव्हता!

नोकरी म्हणजे काय होती?

आधी जागा समजून घेऊ. इंग्लंड तेव्हा दहा हजारांहून जास्त पॅरिशमध्ये विभागलेलं होतं. पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याच्या आसपासची वस्ती. प्रत्येक पॅरिशला एक मुख्य पाद्री. त्याला परिस्थितीनुसार रेक्टर किंवा व्हिकर म्हणायचे. या जागेला त्या काळी चक्क "लिव्हिंग" म्हणत, म्हणजे सरळ उपजीविकाच.

पगार कुठून यायचा? गावातल्या शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चचा, त्याला टाइथ म्हणायचे. रेक्टरला सगळा टाइथ मिळायचा. व्हिकरला बहुतेक ठिकाणी छोटा वाटा मिळायचा, मोठा वाटा दुसऱ्याच कोणाकडे जायचा. शिवाय राहायला घर आणि थोडी जमीन. एकदा जागा मिळाली की ती आयुष्यभराची. काढून टाकणं जवळपास अशक्य.

पण सगळ्या जागा सारख्या नव्हत्या. चांगल्या जागेला वर्षाला ४०० पौंड मिळायचे, आणि पन्नासच्या आत उत्पन्न असलेल्या जागाही हजारोंनी होत्या. आणि ज्याला लिव्हिंगच नाही तो क्युरेट, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर राबणारा बदली पाद्री. त्याला वर्षाला तीस-चाळीस पौंड आणि नोकरीची हमी शून्य. आजच्या भाषेत सांगायचं तर कायम कॉन्ट्रॅक्टवर.

जागा देणार कोण?

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं की पाद्र्याची नेमणूक बिशप करत असणार. काही ठिकाणी करायचा, पण सगळीकडे नाही. नेमणूक करण्याचा हक्क ही एक मालमत्ता होती. तिचं नाव ॲडव्हाउसन. ज्याच्याकडे हा हक्क तो त्या जागेचा पेट्रन. साधारण निम्मे हक्क खासगी लोकांकडे, म्हणजे जमीनदार, सरदार घराण्यांकडे होते. उरलेले राजाकडे, बिशपांकडे, कॅथेड्रलकडे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांकडे.

आपल्याकडे वतन वारशाने जायचं तसा हा हक्कही वारशाने जायचा. फरक एवढाच की वतनदार स्वतः काम करायचा किंवा करून घ्यायचा. इथे वारशात मिळायचा तो दुसऱ्याला कामावर ठेवण्याचा हक्क. तो विकताही यायचा. वर्तमानपत्रात जाहिराती यायच्या: अमुक पॅरिश, उत्पन्न इतकं, सध्याच्या पाद्र्याचं वय इतकं. वय कशाला? कारण म्हातारा पाद्री म्हणजे जागा लवकर रिकामी होणार, म्हणजे भाव जास्त! जागा रिकामी झाल्यावर पैसे घेऊन देणं हा कायद्याने गुन्हा होता. पण आधीचा पाद्री जिवंत असताना पुढच्या नेमणुकीचा हक्क विकणं चालायचं.

हक्क मालमत्तेचा असल्यामुळे तो बाईकडेही असू शकायचा. स्वतः पाद्री होता येत नाही, पण पाद्री नेमता येतो! तुम्ही "प्राइड अँड प्रेज्युडिस" सिनेमा पाहिला असेल तर मिस्टर कॉलिन्स आठवा. लेडी कॅथरीनचं नाव घेतल्याशिवाय त्याचं एक वाक्य पूर्ण होत नाही. आपण हसतो, पण त्याचं घर, त्याचं जेवण, त्याचं लग्न हे सगळं तिने दिलेल्या जागेवर उभं आहे. लेखिका जेन ऑस्टिनला हे बाहेरून शिकावं लागलं नव्हतं. तिचे वडील जॉर्ज ऑस्टिन यांना स्टीव्हनटनची जागा १७६१ मध्ये दूरच्या श्रीमंत नातेवाइकाने दिली होती, आणि शेजारच्या डीनची जागा १७७३ मध्ये काकांनी विकत घेऊन दिली होती.

मग बिशपचं काम काय? पाद्री होण्यासाठी आधी दीक्षा लागायची. त्यासाठी उमेदवाराला ओळखणाऱ्या पाद्र्यांच्या सहीचं चारित्र्याचं पत्र लागायचं. म्हणजे पहिल्या पायरीवरच शिफारस! त्यानंतर बिशप परीक्षा घ्यायचा. पण एकदा दीक्षा झाली आणि पेट्रनने नाव पाठवलं की बिशपला ठोस कारणाशिवाय नकार देता यायचा नाही. दिलाच तर पेट्रन कोर्टात जायचा. आणि सहा महिन्यांत पेट्रनने कुणाचं नावच पाठवलं नाही तर त्या वेळेपुरता हक्क बिशपकडे जायचा.

लक्षात घ्या, यात जाहिरात नाही, अर्ज नाही, इंटरव्ह्यू नाही. पेट्रनने कोणाला निवडायचं हे तो कसं ठरवणार? जो त्याच्या ओळखीचा आहे, किंवा ज्याच्याबद्दल ओळखीच्या माणसाने शब्द टाकलाय, तोच.

शब्द टाकणं म्हणजे काय?

या व्यवस्थेचं इंधन म्हणजे पत्रं. मुलगा आईचं पत्र घेऊन मामाकडे, मामाचं पत्र जमीनदाराकडे, जमीनदाराचं पत्र मंत्र्याकडे. राजाच्या हातातल्या मोठ्या जागा मंत्र्यांच्या सल्ल्याने भरल्या जायच्या. ड्यूक ऑफ न्यूकॅसल या राजकारण्याने शतकाच्या मधली कित्येक वर्षं, १७६२ मध्ये सत्ता जाईपर्यंत, या वाटपाची सूत्रं हातात ठेवली. त्याच्या पत्रांचा प्रचंड साठा आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. अमुक डीन आजारी आहेत असं कळलं की त्यांच्या जागेसाठी पत्रं सुरू. माणूस अजून श्वास घेतोय आणि इकडे रांग लागलीय!

आणि न्यूकॅसलला यात रस का? कारण बिशप लॉर्ड्सच्या सभागृहात बसायचे आणि मत द्यायचे. इंग्लंड-वेल्सचे मिळून सव्वीस बिशप. ज्याने बिशप केला त्याला मत, असा साधा हिशोब. म्हणजे शिफारस फुकट नसायची.

लॉरेन्स स्टर्न हा पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला पाद्री. त्याला १७३८ मध्ये यॉर्कशायरमधली पहिली जागा मिळाली ती काकांमुळे. काका यॉर्कच्या चर्चमधले वजनदार माणूस. बदल्यात पुतण्याने काकांच्या पक्षाच्या बाजूने वर्तमानपत्रात लिहायचं. स्टर्नने काही काळ लिहिलं, मग वैतागून थांबला. काका त्याचे शत्रू झाले, कायमचे.

आणि उलटही व्हायचं. जोनाथन स्विफ्ट, "गलिव्हर्स ट्रॅव्हल्स"वाला, त्याने तर मंत्र्यांसाठी जोरदार राजकीय लेखन केलं. त्याला इंग्लंडमध्ये मोठी जागा हवी होती. मंत्री बाजूने होते, पण राणी ॲनची त्याच्यावर मर्जी नव्हती. शेवटी १७१३ मध्ये त्याला मिळालं डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचं डीनपद. मान मोठा, पण त्याच्या दृष्टीने ती हद्दपारीच. शिफारस किती वरपर्यंत पोचते यावर सगळं.

एक रात्र, एक पूल, एक पत्र

आता ज्याच्यामुळे हा एपिसोड केला तो माणूस. जॉर्ज क्रॅब. जन्म १७५४, सफोकमधल्या ऑल्डबरो या समुद्रकाठच्या गरीब गावात. वडील मिठाच्या कराची वसुली करायचे. मुलगा औषधवाल्याकडे शिकाऊ म्हणून राहिला, गावात वैद्यकी केली, ती चालली नाही. सारा एल्मी नावाच्या मुलीशी लग्न ठरलेलं, पण खिशात पैसा नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं नुसतं थांबणं. त्याला एकच गोष्ट यायची असं त्याला वाटायचं, ती म्हणजे कविता.

१७८० मध्ये उसने पैसे घेऊन तो लंडनला गेला. पोचल्यावर हातात तीनच पौंड उरले होते. कविता विकल्या गेल्या नाहीत. मग त्याने मोठ्या लोकांना पत्रं लिहायला सुरुवात केली, सोबत कविता जोडून. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला. लॉर्ड शेलबर्नला. लॉर्ड चॅन्सेलर थर्लोला. कुठूनच मदत नाही. थर्लोने निदान उत्तर दिलं: कविता वाचायला वेळ नाही. ओळखीचा लिंक्डइनवरचा अनुभव ना?

१७८१ च्या सुरुवातीला कपडे, वैद्यकीची हत्यारं असं जे होतं ते गहाण पडलेलं होतं आणि कर्जापायी तुरुंगात जायची वेळ आली होती. तेव्हा त्याने शेवटचं पत्र लिहिलं, खासदार एडमंड बर्कला. ओळख शून्य. पत्र स्वतः दारात नेऊन ठेवलं. नंतर त्याने सांगितलं की ती सगळी रात्र तो वेस्टमिन्स्टर ब्रिजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होता. वय २६.

बर्कने पत्र वाचलं, कविता वाचल्या आणि त्याला बोलावून घेतलं.

पुढे काय झालं ते नीट बघा, कारण इथे यंत्रणा उघडी दिसते. बर्क स्वतः तेव्हा विरोधी पक्षात, हातात एकही लिव्हिंग नाही. त्याची खासदारकीसुद्धा एका सरदाराच्या खिशातल्या मतदारसंघाची! पण त्याच्याकडे ओळखी होत्या. त्याने क्रॅबची कविता छापायला प्रकाशक मिळवून दिला. चर्चमध्ये जायचा सल्ला दिला आणि नॉरिचच्या बिशपकडे शब्द टाकला. क्रॅबकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी १७८१ संपायच्या आत त्याची दीक्षा झाली. मग बर्कनेच ड्यूक ऑफ रटलंडला सांगून त्याला ड्यूकच्या वाड्यातला पाद्री केलं. ज्या थर्लोने आधी वाटेला लावलं होतं, त्याने आता न्याहारीला बोलावलं, हातात शंभर पौंडांची नोट असलेलं पाकीट ठेवलं, आणि १७८३ मध्ये डॉर्सेटमधली छोटी जागा दिली. पदवी आड येत होती, तर कँटरबरीच्या आर्चबिशपने आपल्या अधिकारात पदवी देऊन टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्रॅब आणि साराचं लग्न झालं.

माणूस तोच. कविता त्याच. फरक फक्त एका नावाचा. थर्लोकडे आधी आलं होतं ते अनोळखी माणसाचं पत्र. नंतर आला तो बर्कचा माणूस. शिफारस करणारा आपली पत पणाला लावतो. माणूस खराब निघाला तर पुढच्या वेळी त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. म्हणून ती व्यवस्था अगदीच आंधळी नव्हती. बर्कने आधी वाचलं, मग शब्द टाकला. हा माझ्या काकांना द्यायचा जबाब झाला, असं मला वाटलं.

पण गोष्ट इथे संपत नाही.

बिल कोणी भरलं?

१७८३ मध्येच क्रॅबची "द व्हिलेज" ही कविता आली. हस्तलिखित डॉ. सॅम्युअल जॉन्सनने वाचून काही ओळी सुधारून दिल्या होत्या. तिच्यात खेड्यातल्या गरिबीचं अजिबात गोड न केलेलं चित्र आहे. आणि त्यात एक पाद्री आहे, जो शिकारीत आणि मौजमजेत रमलेला असतो आणि मरणपंथाला लागलेल्या गरिबाकडे फिरकत नाही. कविता गाजली.

आता त्याच्या स्वतःच्या डॉर्सेटच्या पॅरिशकडे बघा. तो तिथे राहायला गेलाच नाही. जागा त्याची, उत्पन्न त्याला, काम दुसऱ्याकडे. तो ड्यूकच्या आश्रयाने देशाच्या दुसऱ्या भागात राहत होता. ड्यूक १७८७ मध्ये वारला. मग विधवा डचेसने ठरवलं की क्रॅबला डॉर्सेटच्या बदल्यात जवळची, चांगल्या उत्पन्नाची जागा मिळावी. तिने थर्लोला पत्र दिलं. क्रॅबच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात हा किस्सा आहे: थर्लो कडाडला की इंग्लंडमधल्या कुठल्याही पुरुषासाठी मी हे करणार नाही. मग डचेस स्वतः जाऊन भेटली, आणि पुरुषासाठी न झालेलं काम बाईसाठी झालं. १७८९ मध्ये क्रॅबला मस्टन आणि ॲलिंग्टन अशा दोन जागा मिळाल्या.

तीन वर्षांनी, १७९२ मध्ये, साराच्या मामांच्या मृत्यूनंतर कुटुंब सफोकला गेलं आणि तिथेच राहिलं. मस्टनला क्युरेट ठेवला. तेरा वर्षं! शेवटी बिशपने तगादा लावला तेव्हा १८०५ मध्ये क्रॅब परतला. पाहतो तर पॅरिशमधले बरेच लोक दुसऱ्या पंथांच्या सभांना जायला लागले होते. जाणारच ना. ज्याच्यासाठी टाइथ भरायचा तो माणूस वर्षानुवर्षं गावातच नाही.

क्रॅब वाईट माणूस नव्हता. गावच्या गरिबांना तो फुकट औषधं द्यायचा. आणि गैरहजर राहणं, दोन-दोन जागा धरणं हे तेव्हा सर्रास चालायचं. पण यातून व्यवस्थेतली खरी खोट दिसते. शिफारशीच्या साखळीत कोण कोण होतं? उमेदवार, शब्द टाकणारा, पेट्रन, बिशप. गावातली ती म्हातारी, जिला मरताना पाद्री हवा होता, ती त्या साखळीत कुठेच नव्हती. तिला कोणी विचारलं नाही. आणि क्रॅबची निष्ठा कोणाकडे असणार? ज्याने जागा दिली त्याच्याकडे. कविता अर्पण करायची ती ड्यूकच्या घराण्याला, नवीन जागा मागायची ती त्यांच्याकडेच. १८१४ मध्ये मिळालेली त्याची शेवटची जागा, ट्रोब्रिज, ती पण पुढच्या ड्यूककडूनच.

दुसरी बाजू त्या क्युरेटची. क्रॅबच्या गैरहजेरीत मस्टन ज्याने चालवलं तो. त्याच्यासारखे हजारो होते, शिकलेले, दीक्षा घेतलेले, कदाचित चांगले पाद्री. त्यांच्या वाट्याला बर्क आला नाही. त्यांनीही पत्रं लिहिली असतील, तेही कुठल्यातरी पुलावर फिरले असतील. आपल्याला क्रॅबची गोष्ट माहीत आहे, कारण त्याचं पत्र लागू पडलं.

लोक गप्प बसले का?

इंग्लंडमध्ये बराच काळ, हो. स्कॉटलंडमध्ये नाही. तिथलं चर्च वेगळं होतं. १७१२ मध्ये संसदेने कायदा करून तिथे पेट्रनचा हक्क परत आणला. लोकांचं म्हणणं होतं, आमचा पाद्री जमीनदाराने का ठरवायचा? यावरून १७३३ मध्ये एक गट फुटला. आणि १८४३ मध्ये तर साडेचारशेहून जास्त पाद्र्यांनी घर, पगार सगळं सोडून वेगळं चर्च काढलं. रेफरल सिस्टिमच्या विरोधात एवढा मोठा सामूहिक राजीनामा मला तरी दुसरा माहीत नाही.

इंग्लंडमध्ये बदल हळूहळू झाले. १७९६ मध्ये क्युरेटचा पगार ७५ पौंडांपर्यंत वाढवून द्यायचा अधिकार बिशपला मिळाला. १८३८ च्या कायद्याने अनेक जागा धरण्यावर बंधनं आली. १८९८ मध्ये हक्काच्या खरेदी-विक्रीला लगाम बसला. पेट्रन आजही आहेत बरं का! फक्त १९८६ च्या नियमांनंतर पॅरिशच्या प्रतिनिधींना नाव नाकारता येतं. गावाला "नाही" म्हणता यायला इतका वेळ लागला.

मग काकांना काय सांगायचं?

मी आधी म्हणणार होतो की सिनियरने माझं काम पाहून शब्द टाकला, म्हणून तो वशिला नाही. बर्कचंही तेच होतं. पण आता मला तेवढं पुरेसं वाटत नाही. क्रॅब वशिल्याचं तट्टू नव्हता, त्याच्यात दम होता. तरीही त्याच्या नेमणुकीत दोन माणसं धरलीच गेली नाहीत: ज्यांच्यासाठी काम करायचं ते, आणि ज्यांचं कोणीच ओळखीचं नाही ते.

म्हणून आता कोणाचा रेझ्युमे माझ्याकडे आला की मी दोन गोष्टी करतो. पहिली, बर्कसारखं आधी वाचतो, मगच पुढे करतो. दुसरी, ज्यांच्याशी माझी काहीच ओळख नाही त्यांचे मेसेजही उघडतो. दर वेळी जमत नाही. पण इनबॉक्समध्ये तसा मेसेज दिसला की तो पूल आठवतो.

तुम्हाला नोकरी रेफरलने मिळाली की पोर्टलवरून? कमेंटमध्ये सांगा, आणि कोणाचा रेझ्युमे तुमच्याकडे पडून असेल तर आज एकदा उघडून बघा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर काळजी घ्या!